दुखणे पायात, सुई पाठीत!

कोपराची मागची बाजू कधीतरी बाकाच्या कडेवर आपटते आणि हातातून वीज गेल्यासारखी झिणझिणी थेट करंगळीपर्यंत जाते, हा अनुभव तुम्ही घेतलाच असेल. मार लागला कोपराला. मग झिणझिण्या करंगळीत का? त्याचे कारण असे, की करंगळीकडचे निरोप मेंदूकडे नेणारा मज्जातंतू कोपराच्या मागील खाचेतून जातो. त्याला वाटेत धक्का बसला, तरी निरोप करंगळीकडूनच आला असे मेंदू समजतो. दारावरच्या विजेच्या घंटेचे उदाहरण घ्या. बटण दाबले की घंटा वाजते. पण वाटेत दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरीही ती वाजते. घरातल्या माणसाला मात्र वाटते, की दाराशी कोणीतरी आले आहे.

एवढे समजले, की एक कोडे सुटते. कित्येकांच्या पायात जीवघेणी कळ येते. ती नितंबापासून निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि कधी पावलापर्यंत पोहोचते. या दुखण्याला सायटिका म्हणतात. दुखतो पाय, पण डॉक्टर तपासतात पाठ, आणि काही रुग्णांना पाठीच्या कण्यात इंजेक्शन घेण्याबद्दल विचारतात.

इचलकरंजीत हा विषय घरोघरी निघतो. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे हे गाव यंत्रमागांचेच झाले. तासन्‌तास मागापुढे उभे राहणे, सुताची पोती उचलणे, भरलेला बीम मागावर चढवणे, कापडाचे तागे वाहणे, ही सगळी कामे कमरेच्या बळावर चालतात. कमावत्या माणसाची कंबर धरली, की त्या दिवसाची मजुरी बुडते. मग सल्ले देणारे जमतात. एक म्हणतो, "मणक्यात सुई घेतली की पाय जातात." दुसरा म्हणतो, "एक सुई घ्या आणि उद्या मागावर उभे राहा." तपासणीचा कागद वाचून दाखवायला घरात बहुधा तुम्हीच असता. म्हणून ही सुई कोठे जाते, काय करते आणि काय करू शकत नाही, हे तुम्हाला नीट ठाऊक असावे.

कण्याची बांधणी

आपला कणा मणक्यांचा बनलेला आहे. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे २४ सुटे मणके असतात. त्यांच्या खाली एकमेकांत जुळून गेलेल्या मणक्यांचे त्रिकास्थी व माकडहाड असते. कमरेच्या दोन मणक्यांमध्ये एकेक लवचीक चकती बसवलेली असते. चकतीच्या मध्यभागी जेलीसारखा मऊ गाभा असतो. तरुणपणी त्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. गाभ्याभोवती चिवट तंतूंच्या थरांवर थर असतात. एका थरातील तंतू एका दिशेने तिरपे, तर पुढच्या थरातील त्याच्या उलट दिशेने. कापडाला बळकटी ताणा आणि बाणा एकमेकांना छेदतात म्हणून येते. चकतीच्या कडेची बळकटीही अशाच छेदणाऱ्या तंतूंमुळे येते.

मणक्यांच्या मागील बाजूस एक लांबच लांब नळी तयार झालेली असते. तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याच्या खाली उरतात ते मज्जातंतूंच्या मुळांचे सुटे धागे. त्यांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून त्याला अश्वपुच्छ म्हणतात. मागावर प्रत्येक धागा फणीच्या आपापल्या घरातून बाहेर येतो, तसे प्रत्येक मूळ दोन मणक्यांमधील आपापल्या छिद्रातून बाहेर पडते. कमरेची खालची दोन आणि त्रिकास्थीची वरची तीन मुळे मिळून शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू बनतो. तोच हा सायटिक मज्जातंतू. फणीजवळ एखादा धागा अडकला तर दोष पुढे कापडात दिसतो; तसेच येथे मूळ डिवचले गेले तर कळ पायात उठते.

आयुर्वेदातील जुन्या ग्रंथांत या दुखण्याला गृध्रसी असे नाव आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रुग्ण गिधाडासारखा पाय टाकत चालतो, यावरून ते नाव पडले असे सांगतात. युरोपात कोतुन्यो या इटालियन वैद्याने १७६४ मध्ये हे दुखणे मज्जातंतूचे आहे असे लिहिले. परंतु बहुतेक वेळा दोष चकतीत असतो हे पटण्यास १९३४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी आपला प्रसिद्ध निबंध छापला.

तरफेचे गणित

चकती बिघडते तरी कशी? वय वाढते तसे गाभ्यातील पाणी कमी होते आणि कडेचे थर झिजतात. आनुवंशिकतेचाही यात वाटा असतो. त्यात ओझ्याची भर पडते, आणि येथे तुमच्या पुस्तकातील तरफ कामास येते.

वाकून ओझे उचलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. कमरेचा खालचा मणका हा टेकू. टेकूपुढे दोन भार आहेत: एक धडाचा आणि दुसरा ओझ्याचा. त्यांना तोलून धरणारे पाठीचे स्नायू टेकूच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर आहेत. समजा, कमरेवरील शरीराचा भार ३६ किलोग्रॅम असून तो टेकूपासून २५ सेंटिमीटर पुढे आहे आणि २० किलोग्रॅमचे ओझे ४५ सेंटिमीटर पुढे आहे. ३६ गुणिले २५ म्हणजे ९००. २० गुणिले ४५ म्हणजे आणखी ९००. बेरीज १८००. तिला ५ ने भागा. स्नायूंना ३६० किलोग्रॅम-भार इतका जोर लावावा लागतो! उचलले २० किलो, पण कमरेने सोसले त्याच्या अठरा पट, आणि तोच दाब चकतीवर आला.

आता तोच माणूस गुडघे वाकवून, पाठ फारशी न वाकवता, ओझे पोटाशी धरून उभा राहतो. धडाचा भार ५ सेंटिमीटरवर आणि ओझे २० सेंटिमीटरवर आले असे माना. १८० अधिक ४००, भागिले ५. उत्तर ११६ येते. ओझे तेच, पण ताण तिसऱ्या हिश्श्यावर आला. हे गणित ढोबळ आहे; खऱ्या शरीरात पोटाचे स्नायूही थोडी मदत करतात. पण दिशा बरोबर आहे.

प्रत्यक्ष मोजमापही झालेले आहे. स्वीडनचे नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीतील दाब मोजला. १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून नोंदी घेतल्या. पालथे झोपल्यावर दाब वातावरणाच्या सुमारे १ पट, सरळ उभे राहिल्यावर ५ पट, पुढे वाकल्यावर ११ पट होता. पाठ वाकवून २० किलो उचलताना तो २३ पट झाला आणि गुडघे वाकवून तेच वजन उचलताना १७ पट. मोटारीच्या चाकात आपण वातावरणाच्या सुमारे दुप्पट दाबाने हवा भरतो, हे आठवले म्हणजे २३ या आकड्याचे महत्त्व कळेल.

'गॅप' पडला म्हणजे काय?

"मणक्यात गॅप पडला" असे आपण सर्रास ऐकतो. क्ष-किरणांच्या छायाचित्रात मणके पांढरे दिसतात, कारण हाडांतील कॅल्शियम क्ष-किरण अडवते. चकतीत कॅल्शियम जवळजवळ नसल्याने ती दिसत नाही आणि तिच्या जागी मोकळी फट असल्यासारखे वाटते. ही फट प्रत्येक निरोगी माणसात असते! चकती झिजली तर ती वाढत नाही, उलट अरुंद होते. तसेच "चकती सरकली" हेही खरे नव्हे. चकती जागेवरच असते. तिची कड फुगते किंवा फाटते आणि गाभ्याचा अंश बाहेर येतो.

हा अंश मज्जातंतूच्या मुळाला टेकतो तेव्हा दोन गोष्टी होतात. एक म्हणजे दाब. दुसरी गोष्ट लोकांना फारशी ठाऊक नसते, ती म्हणजे दाह. गाभ्यातील रसायनांमुळे मुळाभोवती सूज येते आणि ते इतके हळवे होते, की खोकल्याच्या हिसक्यानेही कळ उठते. म्हणूनच फुगवटा मोठा असूनही काहींना काहीच दुखत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एम.आर.आय. काढले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांत किमान एक चकती फुगलेली आढळली! म्हणजे केवळ अहवालात 'फुगवटा' लिहिला आहे म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. अहवालातील जागा आणि पायातील कळ यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टर पाहतात.

सुई नेमकी कोठे जाते?

मज्जारज्जू आणि अश्वपुच्छ यांभोवती पाण्यासारखा द्रव असतो आणि त्यावर एका चिवट आवरणाची पिशवी असते. या पिशवीच्या बाहेर आणि हाडाच्या नळीच्या आत चरबी व बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली चिंचोळी जागा असते. तिला एपिड्युरल पोकळी म्हणतात. सायटिकाचे इंजेक्शन सहसा या पोकळीत देतात; मज्जारज्जूत नव्हे. कमरेच्या खालच्या भागात तर मज्जारज्जू नसतोच, हे तुम्ही वर वाचले आहे. पोकळीत शिरण्याच्या वाटा तीन: दोन मणक्यांच्या मधून, ज्या छिद्रातून मूळ बाहेर पडते त्या छिद्राजवळून, किंवा खाली त्रिकास्थीच्या टोकाकडील उघड्या जागेतून.

ही शेवटची वाट सर्वांत जुनी. १९०१ मध्ये पॅरिसमधील सिकार आणि कातलँ या दोघांनी स्वतंत्रपणे तिचे वर्णन केले. तेव्हा औषध होते कोकेन, बधिर करणारे. पुढे शरीरातील अधिवृक्क ग्रंथींच्या स्टेरॉइड द्रव्यांचा शोध लागला. त्याबद्दल केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी इटलीतील डॉक्टरांनी सायटिकाच्या रुग्णाला मज्जातंतूच्या मुळाजवळ स्टेरॉइड दिल्याची नोंद केली.

त्वचेपासून पोकळी साधारण ४ ते ६ सेंटिमीटर खोल असते. आत काही दिसत नाही, मग टोक पोकळीत पोहोचले हे कळते कसे? यासाठी एक सुंदर युक्ती आहे. सुई नसलेली, कोरी प्लॅस्टिकची सिरिंज घेऊन तुम्ही ती करून पाहा. तीत पाणी भरा, तोंडावर अंगठा घट्ट ठेवा आणि दट्ट्या हलके दाबा. दट्ट्या हलत नाही. दाब तसाच ठेवून अंगठा उचला. पाणी एकदम निघून जाते. पोकळीच्या अलीकडे एक दाट, पिवळसर अस्थिबंध असतो. सुईचे टोक त्यात असेपर्यंत दट्ट्या अडून राहतो. बंध ओलांडून टोक पोकळीत शिरताच अडथळा नाहीसा होतो आणि डॉक्टरांच्या अंगठ्याला ते कळते. इटलीतील दोल्योत्ती यांनी १९३० च्या दशकात ही रीत प्रचारात आणली.

आज याच्या जोडीला सी-आर्म नावाचे क्ष-किरण यंत्र असते. इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या कमानीच्या एका टोकाला क्ष-किरणांचा उगम आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक असतो. रुग्ण मध्ये पालथा झोपतो. सुई कोठे पोहोचली ते पडद्यावर दिसते. मग आयोडीनयुक्त द्रवाचे काही थेंब आत सोडतात. आयोडीनचा अणुक्रमांक ५३, कॅल्शियमचा २०, तर मांसातील कार्बनचा ६ आणि ऑक्सिजनचा ८. अणुक्रमांक जितका मोठा, तितके क्ष-किरण अधिक अडतात. त्यामुळे द्रव पसरलेली जागा पडद्यावर गडद उठून दिसते. तो मुळाभोवती पसरला तर जागा बरोबर. रक्तवाहिनीतून वाहून जाताना दिसला तर डॉक्टर सुईची जागा बदलतात. त्यानंतरच औषध देतात.

औषध काय करते, काय करत नाही?

सिरिंजमध्ये बहुधा दोन औषधे असतात. बधिर करणारे औषध काही तास कळ थांबवते. स्टेरॉइड मुळाभोवतीचा दाह कमी करते. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागू शकतात. फाटलेली चकती मात्र या औषधाने सांधली जात नाही.

मग चकतीचे काय होते? बाहेर आलेला गाभ्याचा अंश शरीर स्वतःच हळूहळू नाहीसा करते. पांढऱ्या पेशी तो खाऊन टाकतात आणि त्यातील पाणीही आटते. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील एका अभ्यासात सायटिकाच्या १८३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे अंथरुणात पडून राहण्यास सांगितले, तर दुसऱ्या गटाला जमेल तसे हिंडण्याफिरण्यास. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के रुग्णांना बरे वाटू लागले होते. म्हणजे बहुतेकांना काळच बरा करतो, आणि पडून राहिल्याने जास्त काही मिळत नाही.

इंजेक्शनचा गुण किती, हेही असेच तुलना करून पाहावे लागते. एका गटाला स्टेरॉइड, तर दुसऱ्याला खारे पाणी किंवा तत्सम द्रव देतात. कोणाला काय दिले हे रुग्णाला सांगत नाहीत. अशा २५ चाचण्यांतील २४७० रुग्णांची माहिती २०२० मध्ये एकत्र तपासली गेली. वेदना ० ते १०० या पट्टीवर मोजली, तर स्टेरॉइड मिळालेल्यांची पायाची कळ पहिल्या काही आठवड्यांत सरासरी ५ गुणांनी अधिक कमी झाली होती. हा फरक लहान आहे. सरासरीत बराच गुण आलेले आणि काहीच गुण न आलेले, असे दोघेही मिसळलेले असतात, हे गणिताच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

म्हणूनच तज्ज्ञांत याविषयी मतभेद आहेत. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत तीव्र आणि नव्याने उद्भवलेल्या सायटिकासाठी हे इंजेक्शन विचारात घ्यावे असे म्हटले आहे; नुसत्या कंबरदुखीसाठी मात्र कण्यात इंजेक्शन देऊ नये असे सांगितले आहे. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी अशी इंजेक्शने देऊ नयेत, अशी शिफारस एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२५ मध्ये केली; तिला वेदनातज्ज्ञांच्या काही संघटनांनी विरोधही केला. थोडक्यात, ताजी आणि असह्य कळ असलेल्या निवडक रुग्णाला हे इंजेक्शन काही आठवड्यांची उसंत देऊ शकते. त्या उसंतीत चालणे, व्यायाम आणि झोप शक्य होते आणि तोवर शरीर आपले काम करते. पण सुई घेऊन दुसऱ्याच दिवशी पुन्हा वाकून पोती उचलली, तर त्या उसंतीचा उपयोग काय?

भीती किती, काळजी किती?

"सुई घेतली की पाय जातात" ही भीती वाढवून सांगितलेली असली, तरी धोका शून्य नाही. आवरणाच्या पिशवीला छिद्र पडले तर काही दिवस डोके दुखते. मधुमेही माणसाची साखर काही दिवस वाढू शकते. जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव क्वचित होतात. काही स्टेरॉइड औषधे पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे कण चुकून बारीक रोहिणीत गेले तर ती बंद पडू शकते. लकव्यासारख्या अतिविरळ पण गंभीर घटनांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेतच एका औषधनिर्मिती केंद्रातील बुरशीने दूषित झालेल्या स्टेरॉइडमुळे ७५० हून अधिक लोक आजारी पडले आणि ६० हून अधिक दगावले. म्हणून जंतुरहित खोली, पडद्यावर पाहून दिलेली सुई आणि प्रशिक्षित डॉक्टर यांना पर्याय नाही.

बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेत कमरेत दिल्या जाणाऱ्या भुलीच्या इंजेक्शनचा हेतू वेगळा असतो. "त्या सुईमुळे जन्मभर कंबर दुखते" असे बायका सांगतात. पण तुलनात्मक अभ्यासांत तसे आढळलेले नाही.

घरी कोणाला असे इंजेक्शन सुचवले गेले, तर डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. पायातील कळ आणि अहवालातील जागा यांचा मेळ बसतो का? आणखी काही आठवडे थांबले तर चालेल का? सुई क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून देणार का? नंतर कोणता व्यायाम करायचा आणि कामावर केव्हा जायचे? मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर ते आपणहून सांगावे.

मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर वाट पाहू नये. हे अश्वपुच्छावर दाब आल्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे, कारण उशीर झाला तर हानी कायमची होऊ शकते.

करून पाहा

सकाळी उठल्याबरोबर भिंतीला पाठ लावून आपली उंची मोजा आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा मोजा. रात्री ती सुमारे एक सेंटिमीटर किंवा थोडी अधिक कमी भरेल. दिवसभराच्या भाराने चकत्यांतील थोडे पाणी बाहेर जाते आणि रात्री आडवे पडल्यावर ते परत शोषले जाते. आठवडाभराच्या नोंदींचा आलेख काढा आणि वर्गात लावा.

आणखी एक काम करा. घरातील किंवा कारखान्यातील माणसे ओझे कसे उचलतात ते पाहा, ओझे आणि कंबर यांतील अंतराचा अंदाज घ्या आणि वरील गणित मांडा. मग ते गणित घरी समजावून सांगा. पोते उचलायला दुसरा माणूस घेणे, बीम नेण्यास ढकलगाडी वापरणे, ओझे अंगाशी धरणे, अधूनमधून पाठ सरळ करणे, यांपैकी कशालाही सुई लागत नाही. ५ सेंटिमीटरच्या तरफेने कमरेने किती ओढायचे, हे मात्र त्यावरच ठरते.